एक गाळून पं पं

परवा दातांच्या दवाखान्यात माझा नंबर हुकला. २७ नंबर. दोनदा पुकारला, असं काउंटरवरच्या मुलीचं म्हणणं, आणि ते खरंच असणार. कारण त्या वेळी मी एका अनोळखी काकांबरोबर वॉल्ट्झ वाजवत होते. तोंडाने. तेही सुजलेल्या. घरी येऊन हे तीन जणांना सांगून पाहिलं. तिघांनीही एवढंच विचारलं, "मग दाढ काढली का?" म्हणून लिहायला बसले. दाढेचं शेवटी बघू.

दवाखाना चांगला आहे, डॉक्टरही चांगले आहेत. माझी तक्रार आहे ती छतातल्या स्पीकरबद्दल. बाहेर बसलेल्यांच्या जिवाला जरा थंडावा म्हणून तिथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या चार-पाच तुकड्यांची माळ दिवसभर फिरत असते. हळू आवाजात. इतक्या हळू, की संगीतात शांत जागा आली की आतलं ड्रिल ऐकू येतं, आणि मग सगळेजण एकदम मोबाइलमध्ये डोकं घालतात. वॉल्ट्झ डी मेजर पट्टीत आणि ड्रिल स्वतःच्या मर्जीत.

तर मी गालाला हात लावून बसले होते आणि 'ब्लू डॅन्यूब' हा वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचं नाचाचं संगीत, सुरू झालं. त्याबरोबर माझे ओठ आपोआप हलायला लागले. यात माझा काही दोष नाही. शाळेच्या बँडमध्ये तीन वर्षं आम्ही हे वाजवलं. वार्षिक कार्यक्रमाला वाजवलं, बक्षीस समारंभाला वाजवलं, आणि पाहुणे उशिरा आले की पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. पाहुणे वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. मी तिसरा हॉर्न. तिसऱ्या हॉर्नला या वॉल्ट्झमध्ये काम काय, तर पहिली मात्रा गाळायची आणि दुसरी-तिसरी वाजवायची. पहिलीवर ट्यूबावाला मुलगा 'ढुं' करायचा, आम्ही 'पं पं'. ढुं पं पं, ढुं पं पं. पानभर. पान उलटलं की पुन्हा पानभर. चाल? असेल कुठेतरी पुढच्या रांगेत, क्लॅरिनेटवाल्या मुलींकडे. आमच्या रांगेपर्यंत ती कधी आली नाही.

माझ्या उजव्या हाताला एक काका बसले होते. सत्तरीचे असतील. खिशाला दोन पेनं, चष्मा कपाळावर, मांडीवर काकूंची पर्स. पर्स दोन्ही हातांनी अशी धरलेली, की पेशंट तीच असावी. काकांना स्वतःला काहीही झालेलं नव्हतं. (बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत, हे त्यांनी नंतर मला आ करून दाखवलं. मी विचारलं नव्हतं.) काकू आत गेलेल्या, आणि काकांच्या प्रकृतीला रिकामं बसणं मानवत नसावं. दोन मिनिटं त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाले,

"मॅडम, तुमचं चुकतंय."

मला वाटलं, खुर्चीबद्दल काही असेल. "काय चुकतंय?"

"ते म्हणताय ना, ते."

"मी काही म्हणत नाहीये."

"म्हणताय. मघापासून पं पं चाललंय. ते तसं नाहीये." त्यांनी छताकडे बोट केलं. "जरा नीट ऐका."

या वयात, या गालाने, आणि ज्या एकाच गोष्टीत मला जगात कुणी चूक काढू शकणार नाही अशी माझी समजूत होती, नेमकी तिच्यात!

"काका, तेच आहे. मी हॉर्नचं म्हणतेय."

"कुणाचं?"

"हॉर्नचं. शाळेत आमचा बँड होता. त्यात मी हॉर्न वाजवायचे."

"गाडीचा?"

हा विनोद मला नवा नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि तेव्हापासून ज्याला-ज्याला म्हणून मी हॉर्नबद्दल सांगितलं त्या प्रत्येकाने तो स्वतः शोधून काढल्याच्या आनंदात मला ऐकवलेला आहे. क्लॅरिनेटवाल्यांना असं काही सोसावं लागत नाही. आमचा हॉर्न म्हणजे फ्रेंच हॉर्न. गोगलगायीसारखा वेटोळं घालून बसलेला, उलगडला तर १२ फुटांच्या आसपास भरणारा पितळी नळ. डाव्या हाताने तीन चाव्या दाबायच्या आणि उजवा हात मागच्या कर्ण्यात कोंबायचा. कर्ण्याचं तोंड मागे. म्हणजे ट्रम्पेटवाला आपले सूर समोर बसलेल्या आईवडिलांच्या अंगावर सोडतो आणि हॉर्नवाला पाठीमागच्या भिंतीवर. तीन वर्षं मी त्या भिंतीसाठी वाजवलं. तिचे पोपडे निघाले होते; संबंध असेलच असं नाही.

शिवाय या वाद्यात एकाच चावीवर डझनभर सूर निघू शकतात. कुठला निघायचा ते ओठ ठरवतात, आणि ओठ काय ठरवतील ते ओठांनाही माहीत नसतं. वरच्या पट्टीत तर हे सूर इतके खेटून राहतात, की आपण एकाच्या दारावर थाप मारावी आणि शेजाऱ्याने दार उघडावं. कागदावर सी लिहिलेला असतो, बाहेर पडतो तो एफ. हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा मला वाटलं, वाद्य बिघडलंय. सर म्हणाले, नाही, ते जन्मतःच असं आहे. आणि वाजवता-वाजवता आत श्वासातल्या वाफेचं पाणी साठतं. सूर गुळगुळायला लागले की हॉर्न मांडीवर घेऊन, स्टिअरिंगसारखा गरागरा फिरवत ते पाणी काढावं लागतं. म्हणजे गाडीचा विनोद तितकासा निराधार नाही. पण हे मी काकांना कशाला सांगू?

"गाडीचा नाही," मी म्हटलं. "वाद्य असतं तसं."

"आणि ते हे गाणं वाजवतं?"

"त्यातला एक भाग वाजवतं."

"कुठला?"

"पं पं."

काका गप्प झाले. एखाद्याने मी जहाजावर असतो म्हणून सांगावं आणि दहा मिनिटांनी कळावं की तो नांगराला रंग देतो, तेव्हा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"म्हणजे गाणं नाहीच ते."

"गाण्याच्या आतलं आहे. काका, कोटाला अस्तर असतं ना?"

"असतं."

"तसं."

"पण मॅडम, अस्तर वर करून कोट घालतं का कुणी?"

समोरचे दोघं हसले. त्यातल्या एकाचा गाल माझ्यापेक्षा सुजलेला होता. हसताना त्याला कळ आली, तरी हसला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला या वॉल्ट्झची सगळी कुंडली पाठ आहे, आणि कुणी ऐकून घेत नसलं की ती जास्तच तोंडात येते. मी सांगितलं की हे आधी गाणंच होतं. १५ फेब्रुवारी १८६७ला व्हिएन्नात पहिल्यांदा सादर झालं ते पुरुषांच्या गायकवृंदाने म्हटलेलं, वर थट्टेचे शब्द असलेलं. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते ऑर्केस्ट्राने वाजवलं आणि मग जगभर झालं. आणि काका, त्याची सुरुवात कोण करतं माहीत आहे? हॉर्न. व्हायोलिनं बारीक थरथरत असतात आणि त्यावर हॉर्न एकटा, पहाटे कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने वर चढत जातो.

काका पहिल्यांदाच प्रभावित झाले. "ते तुम्ही वाजवायचात?"

"ते..." मी म्हटलं, "ते पहिल्या हॉर्नला असतं."

"आणि तुम्ही?"

"तिसरा."

"हॉर्न एकूण किती होते?"

"तीन."

"अच्छा," काका म्हणाले, आणि पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

पहिला हॉर्न म्हणजे आमच्यापुढच्या वर्गातली एक उंच मुलगी. तिचा सूर फुटायचा नाही असं नाही, पण फुटला की ती मागे वळून आमच्याकडे बघायची. मग सगळा बँड आमच्याकडे बघायचा. सरही. सरांना खरं काय ते कळत असणार, पण सोलो वाजवणाऱ्या पोरीला दुखवून चालत नाही; तिसरा हॉर्न दुखावला काय, नाही काय, वॉल्ट्झ होतोच. आमचे सूर एखाद्या दिवशी फारच फुटले की सर मोत्सार्टची गोष्ट सांगायचे. मोत्सार्टने लॉइटगेब नावाच्या आपल्या हॉर्नवादक मित्रासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा मागे अशा रचना, लिहिले, आणि १७८३ सालच्या एका हस्तलिखितावर लिहून ठेवलं की, गाढव, बैल आणि मूर्ख अशा लॉइटगेबची दया येऊन हे लिहिलं आहे. आणि त्या बिचाऱ्याच्या हॉर्नला तेव्हा चाव्यासुद्धा नव्हत्या! चाव्या निघाल्या त्या १८१०च्या दशकात. नुसत्या ओठांवर आणि कर्ण्यातल्या हातावर तो माणूस सगळं वाजवायचा, वर गाढव म्हणवून घ्यायचा. ही गोष्ट सर आम्हाला धीर द्यायला सांगत की दुसऱ्याच कशाला, ते मला अजून नक्की कळलेलं नाही.

पण सरांचं एक देणं लागते, ते काकांच्या तोंडावर मारायचं मी ठरवलं.

ड्वोर्झाक या संगीतकाराची 'न्यू वर्ल्ड' सिम्फनी आहे, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना. तिच्या दुसऱ्या, संथ भागाचा सोपा करून लिहिलेला तुकडा आम्ही बसवत होतो. त्याच्या सुरुवातीला चाल नाहीच. नुसते जाड, सावकाश कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एकामागून एक. ते काही केल्या जमेनात. सर वैतागले आणि एकेका वाद्याला गप्प बसवत गेले. शेवटी ट्यूबा खाली आणि ट्रम्पेट वर, एवढेच उरले. पोकळ आवाज यायला लागला, सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीत येतो तसा. मग सर आमच्याकडे वळले. तिघांना एकच सूर धरायला सांगितला, मधला. आम्ही घाबरत-घाबरत धरला, आणि त्या आवाजाचा बसलेला घसा एकदम सुटला. कॉर्ड गायला लागला. सरांनी हाताने खूण केली, अर्धी पायरी खाली. आम्ही उतरलो. तोच ट्यूबा, तोच ट्रम्पेट, आणि कुणीतरी गेल्याची बातमी आल्यासारखी खोली उतरली. पुन्हा वर. पुन्हा हसरी. सर म्हणाले, "चाल कुणाकडेही असू दे, हसायचं की रडायचं ते हे तिघं ठरवतात."

मी तेरा वर्षांची होते. घरात माझ्या मताने पंख्याचा वेगसुद्धा ठरत नव्हता. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले. ओठांवर माउथपीसचा गोल लाल शिक्का होता, बोटांना पितळेचा आणि चाव्यांच्या तेलाचा वास होता, आणि मी रात्री जेवताना हात धुवायला नकार दिला म्हणून बोलणी खाल्ली.

हे सगळं मी काकांना सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं, हातवारे करून. समोरचा सुजका गालही ऐकत होता. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि विचारलं,

"मग आज काय ठरवलंय? हसायचं की रडायचं?"

दाढ ठणकली.

"बरं ते जाऊ द्या," काका म्हणाले. "मुख्य चाल म्हणून दाखवा. एवढी वर्षं वाजवलंत, तर चाल येत असेलच."

आता खरं सांगते, मला वाटलं होतं येईल. कुणाला येत नाही? लिफ्टमध्ये, फोन धरून ठेवायला लावतात तेव्हा, सगळीकडे तीच असते. मी घसा साफ केला. पहिले चार-पाच सूर पायऱ्या चढल्यासारखे बरोबर चढले. वरती चाल क्षणभर टेकते ना, तिथे मीही टेकले, आणि माझं तोंड, माझ्या परवानगीशिवाय, पं पं म्हणालं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा चढले. पुन्हा पं पं. तिसऱ्यांदा कोपऱ्यातून एका लहान मुलाचा आवाज आला, "आई, ती मावशी अडकली."

आईने त्याला दटावलं. पण तीही हसत होती.

यावर काकांनी काय करावं? चष्मा डोळ्यांवर घेतला, बत्तीसही दातांचा नीट आधार घेतला आणि शिट्टीवर अख्खी चाल वाजवून दाखवली. खोटं कशाला बोलू, सुरेल वाजवली. मुरक्या-बिरक्या नाहीत, स्वच्छ सरळ शिट्टी. काउंटरवरच्या मुलीने फोन खाली ठेवला. आणि मी... म्हणजे समोर कुणी चाल वाजवत असताना नुसतं बसून राहायचं मला शिकवलेलंच नाही. मी खाली पं पं लावलं.

साधारण अर्धा मिनिट ते फार छान झालं. स्पीकरमध्ये ऑर्केस्ट्रा कुठेतरी पुढे निघून गेला होता. तो ऐकू येईना. काकांची शिट्टी वर, माझं पं पं खाली. समोरच्या सुजक्या गालाने आपण होऊन पायाने 'ढुं' धरला. पंचवीस वर्षांत कुणी माझ्यासाठी ढुं धरला नव्हता.

आणि काका शिट्टी थांबवून म्हणाले, "तुम्ही घाई करताय."

"घाई नाही काका. व्हिएन्नात हा असाच वाजवतात. दुसरी मात्रा तिथे किंचित आधी येते."

"घाईला व्हिएन्ना म्हणायला लागले का आता?"

आता हे मात्र खरं आहे. तिथले ऑर्केस्ट्रा ती दुसरी मात्रा जराशी लवकर टाकतात, त्यानेच वॉल्ट्झला तो हेलकावा येतो. आमच्या शाळेतही ती लवकरच यायची. पण ती भीतीने. तिघंही एकमेकांच्या आधी वाजवून मोकळं व्हायच्या घाईत. सर डोक्याला हात लावायचे. आम्ही तीन वर्षं नकळत अस्सल व्हिएन्नी वाजवत होतो आणि तीन वर्षं त्याबद्दल बोलणी खात होतो, हे मला पुढे फार उशिरा कळलं. ते कुणाला जाऊन सांगणार?

काका पुन्हा सुरू झाले, मीही झाले, आणि मग ती जागा आली.

आमच्या बँडमध्ये जी पानं होती ती आमच्याआधी कितीतरी मुलांच्या हातून गेलेली. कडा मऊ पडलेल्या, आणि पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. वॉल्ट्झच्या तिसऱ्या पानावर आमच्या ओळीत एक आडवा जाड पट्टा होता आणि वर आकडा, ३२. म्हणजे ३२ बार, ढुं पं पंच्या ३२ फेऱ्या, आम्हाला काम नाही, गप्प बसून मोजा. त्या आकड्याशेजारी कुणीतरी लिहिलं होतं, 'झोपू नको.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'झोपलो.' आणि त्याखाली तिसऱ्या, मुलीच्या गोल अक्षरात, 'मीपण.' मी त्यांच्यातल्या कुणालाही कधी पाहिलं नाही, पण शाळेत मला कुणाची खरी सोबत वाटली असेल तर त्या तिघांची.

लोकांना वाटतं, वाजवणं कठीण. वाजवणं सोपं आहे. न वाजवता जागं राहणं कठीण. त्या 'न्यू वर्ल्ड'मध्ये जवळजवळ ४० मिनिटांत सिंबलचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, ठोका एकच आहे, शेवटच्या भागात. ट्यूबाला १४ सूर आहेत, तेही फक्त संथ भागात. बाकी वेळ तो माणूस तेवढं अवजड धूड मांडीवर घेऊन सभ्य चेहऱ्याने बसतो. आमचा सिंबलवाला मुलगा अशाच एका ठोक्यासाठी दोन महिने तालमीला आला आणि कार्यक्रमाच्या दिवशी बाकीचं कसं चाललंय ते ऐकत राहिला. ठोका तसाच हातात राहिला. त्याच्या घरचे खास त्यासाठी आले होते.

तर दवाखान्यात ती जागा आली आणि मी गप्प झाले. काका शिट्टी वाजवत राहिले. मला वाटलं होतं मी नुसती थांबले आहे, पण मांडीवर पाहिलं तर बोटं हलत होती. अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. बोटं मोजत होती! मग मीही मन लावून मोजायला लागले. मोजताना कान बंद होतात, फक्त आकडा उरतो. बावीस, तेवीस, चोवीस... आणि कुठूनतरी आवाज आला, "सत्तावीस."

मी दचकले. मी चोवीसवर आणि कुणीतरी सत्तावीसवर! शाळेत अशा वेळी नियम एकच, ठाम आवाजात मोजणाऱ्याचं खरं. मी मुकाट्याने तीन बार ओलांडून उडी मारली. पुन्हा आवाज आला, "सत्तावीस नंबर." अठ्ठावीस, मी मनात म्हटलं, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस, आणि बरोब्बर जागेवर, पहिली मात्रा गाळून, खणखणीत पं पं केलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ३२ बारांतून वेळेवर बाहेर आले होते. मान वर केली तर सुजका गाल उठून आत चालला होता. तो २८ होता.

"तुम्ही उठला नाहीत," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दोनदा पुकारलं. आता ३१ नंतर घेते."

"अहो, मी इथेच तर होते, तुमच्यासमोर."

"हो, पण तुम्ही गात होतात."

गात नव्हते! पण हे तिला कसं समजावणार?

तेवढ्यात काकू बाहेर आल्या, तोंडात कापसाचा बोळा दाबून. काका उठले, पर्स सुपूर्द केली आणि माझी ओळख करून दिली. "या मॅडम शाळेत हॉर्न वाजवायच्या." काकूंना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं, उजवा तळवा हवेत पुढे नेऊन दोनदा दाबला, आणि भुवया उंचावल्या. तोच ना?

"तोच," मी म्हटलं. थकले होते.

"चाल शिकून घ्या पण," दारातून काका म्हणाले, आणि शिट्टी वाजवत जिना उतरले. चालच वाजवत होते.

पुढचा अर्धा तास मी नुसती बसले. माळेत आता पाखेलबेलचा कॅनन लागला होता. त्यात वर व्हायोलिनं काय-काय नक्षी काढतात आणि खाली चेलोला आठच सूर, तेच ते आठ, २८ वेळा. चेलोवाले या तुकड्याला शिव्या घालतात म्हणे. घालोत बापडे. त्यांना आठ तरी आहेत.

मला राग काकांचा नव्हताच, बहुतेक. मागे आमच्या शाळेतल्यांचा मोबाइलवर ग्रुप निघाला तेव्हा कुणीतरी बँडचा फोटो टाकला होता. चाळीस मुलं, ओळीने. मी त्यात आहे. ट्यूबाच्या कर्ण्यामागून डाव्या बाजूला एक कान आणि अर्धी वेणी दिसते, ती मी. तसं मी लिहिलं, तर खाली त्या पहिल्या हॉर्नने, त्याच उंच मुलीने विचारलं, "अगं, तू बँडमध्ये होतीस?" तीन वर्षं मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. तिच्या वाद्यातलं पाणी माझ्या बुटावर पडायचं.

आणि क्लॅरिनेटवाल्यांचं बरं असतं. शाळा सुटली तरी त्यांची चाल त्यांच्याजवळ राहते. घरी एकटं बसून वाजवावं, कुणी आलं तर वाजवून दाखवावं, लग्नात आग्रह झाला तर आढेवेढे घ्यावेत. माझ्याजवळ काय आहे? शेवटच्या दिवशी मी हॉर्न पुसला, पेटीत त्याच्या आकाराच्या खळग्यात निजवला, रजिस्टरवर सही केली आणि रिकाम्या हाताने घरी आले. वाद्य शाळेचं होतं. ते माझं असतं तरी काय वाजवणार होते? एकटीने पं पं वाजवत बसले तर लोक डॉक्टर बोलावतील. मला जे येतं ते वाजवायला आणखी एकोणचाळीस माणसं लागतात, त्यातला एक ढुं करणारा लागतो, आणि ती सगळी आता कर्ज, पोरं, गुडघे यांत अडकलेली आहेत. परवा एक मिळाला होता. २८ नंबरचा. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

३१ नंतर मला आत घेतलं. खुर्ची मागे गेली, दिवा तोंडावर आला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, जबडा उघडा ठेवायला काहीतरी रबरी आत बसवलं. स्पीकर तिथेही होता. माळ फिरून पुन्हा डॅन्यूबवर आली. डॉक्टर मास्कच्या आत मुख्य चाल गुणगुणत होते, काम करता-करता, आणि चाल जिथे टेकते तिथे बरोबर दाढेला धक्का देत होते.

मी खूप आवरलं. पण दोन आणि तीनवर माझ्या घशातून गेलंच, "आं आं."

डॉक्टर थांबले. "दुखतंय?"

मी मानेनेच नाही म्हटलं. ते पुन्हा सुरू झाले. पुन्हा, एक गाळून, "आं आं."

"दुखत नाहीये ना? मग काय होतंय?"

तोंडात दोन बोटं, एक नळी आणि ते रबरी काहीतरी असताना मी त्यांना तिसऱ्या हॉर्नबद्दल काय सांगणार होते? त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं, आणि खबरदारी म्हणून आणखी एक इंजेक्शन दिलं. पुढचे तीन तास ओठ माझे नव्हते.

हो, दाढ काढली.